अक्कांच्या दहावीचा फॉर्म

फॉर्म भरण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! इकडे तमिळ मुलखात, ओरगडमच्या आमच्या ट्रक कारखान्यात पासपोर्ट, पीएफ, गॅस, कसलाही फॉर्म असो, लोक मलाच शोधत येतात. त्यामुळे आमच्या घरमालकीणबाई महालक्ष्मीअक्का एका संध्याकाळी जिन्यात डोळे पुसताना दिसल्या, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

अक्का तंजावरच्या. कैक पिढ्या तमिळ मुलखात काढूनही यांच्या घरात बोलणं मराठीच. कोपऱ्यावरच्या बालवाडीत त्या एकोणीस वर्षं आया आहेत. पण मुलांना शिकवतात त्याच; बाई येतात त्या हजेरीपटावर सही करायला.

"रावजी, नवा नियम केला म्हणतात," अक्का म्हणाल्या. मला त्या रावजीच म्हणतात. "दहावी पास नाही तर पुढच्या जूनपासून येऊ नको. मी नववीत शाळा सोडली की! पंचावन्न वर्षांच्या बाईस आता कोण शाळेत घेते?"

"मुक्त शाळा घेते!" मी म्हणालो. "वर्गात बसायला नको, गणवेश नको. घरी अभ्यास करायचा, पाच विषयांची परीक्षा द्यायची. आधार कार्ड आणा, दहा मिनिटांचं काम!"

नऊ मिनिटांत झालं. चार विषय तमिळ माध्यमातून घेतले. पाचवा विषय भाषेचा. मी क्षणभरही थांबलो नाही. मराठी! घरचीच भाषा, म्हणजे फुकटचे मार्क!

पुस्तकं आली. मराठीचं पुस्तक अक्कांनी उघडलं, चष्मा लावला, चष्मा काढला आणि पुस्तक यजमानांकडे दिलं. गुरुमूर्तीअण्णांनी ते लांब धरून पाहिलं. "चित्रे बरी आहेत," ते म्हणाले.

पुढे तीन आठवडे मी विचारायचो, "मराठी कसं चाललंय?" आणि अक्का म्हणायच्या, "तेवढे सोडून सगळे झाले, रावजी." शेवटी एका रविवारी मीच पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. "चला, पहिला धडा वाचा!"

अक्कांनी खाली मान घातली. मग आत जाऊन आपल्या आईची पत्रं घेऊन आल्या. मराठी पत्रं. अक्षर न् अक्षर तमिळ लिपीतलं!

"आमचे मराठी असेच लिहितात," त्या हळूच म्हणाल्या. "ही तुमची अक्षरे आमच्या आजोबांस येत होती. तुम्ही एवढ्या हौसेने फॉर्म भरला, मग कसे सांगू?"

माझ्या बायकोने, अर्चनाने, माझ्याकडे एकच कटाक्ष टाकला. "मंदार, तू त्यांना एकदा तरी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी थेट मुक्त शाळेचं नुंगंबाक्कमचं अभ्यास केंद्र गाठलं. तिथल्या गृहस्थांशी तमिळमध्येच बोलून काम फत्ते करायचं असं मी ठरवलं होतं. माझं तमिळ म्हणजे 'शरी', म्हणजे 'बरं', आणि भरपूर हातवारे. मी म्हणालो, "मराठी वेंडाम! तमिळ वेणुम!" मराठी नको, तमिळ हवं. ते बराच वेळ काहीतरी समजावत होते. मी म्हणालो, "शरी, शरी." त्यांनी आधार कार्ड मागितलं, मी माझं दिलं. फोटो मागितला, दिला. सही केली, पैसे भरले. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला! केवढा भला माणूस, मला वाटलं.

घरी अर्चनाने पावती वाचली आणि खुर्चीतच बसली. "विषय बदलायची मुदत गेलीये. पण एका विषयाला नवीन प्रवेश चालू आहे. अभिनंदन! तू दहावीच्या तमिळला बसलायस."

माझं जाऊ द्या हो, पण अक्कांची एकोणीस वर्षांची बालवाडी माझ्या नऊ मिनिटांपायी जाणार होती. मी खाली जाऊन सगळं कबूल केलं. अक्का पोट धरून हसल्या. "शरी, रावजी. तुम्ही मला शिकवा, मी तुम्हास शिकवते."

आणि अक्का कंबर कसून अभ्यासाच्या मागे लागल्या! रोज पहाटे दारात तांदळाच्या पिठाने कोलम, म्हणजे रांगोळी, घालतात ना, तिथे त्या क, ख, ग काढू लागल्या. अख्खी गल्ली वळसा घालून जायची. 'क्ष' जमला त्या दिवशी तर अण्णांनी दूधवाल्यालाही थांबवून दाखवला! मी मात्र ओव्हरटाइम, डोकेदुखी, क्रिकेट अशी कारणं सांगत राहिलो. माझं काय, भाजीवाल्याशी निभतंय की!

जूनमध्ये निकाल लागला. अक्का पाचही विषयांत पास! मराठीत चौसष्ट! बालवाडीने त्यांना काढलं तर नाहीच, उलट शिक्षिका केलं. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

मला तमिळमध्ये सतरा. शंभरपैकी.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा माझा फॉर्म अक्कांनीच भरला. पण त्याआधी त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि जे मी त्यांना विचारलं नव्हतं ते मला विचारलं, "रावजी, तमिळ वाचायला येते का?"

मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दहा वाजता मी बालवाडीत पहिल्या ओळीत बसतो. खुर्ची जरा लहान पडते, पण बाई फार चांगल्या आहेत.