लिनक्सवरचा पूल

गावाचा विकास दोन गोष्टींवर उभा असतो: एक ठराव, आणि दुसरा तो ठराव कोणी पुरता वाचणार नाही हा विश्वास. रायगड किनाऱ्यावरच्या आमच्या खारनेवाडीत या दोन्हींचा साठा कायम भरपूर असतो.

गेल्या वर्षी गावच्या वाचनालयाला कुणीतरी जुने कॉम्प्युटर भेट दिले. ग्रामसभेत गंभीर चर्चा झाली. कॉम्प्युटर आले की गेम येणार, गेम आले की पोरे बिघडणार (पोरे आधीच बिघडलेली होती, पण खापर फोडायला तोवर काही साधन नव्हते). तेव्हा सरपंच काळूराम घरत उभे राहिले. त्यांचा भाचा पनवेलला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने सांगितले होते की लिनक्स नावाची एक प्रणाली असते, ती फुकट मिळते आणि तिच्यावर गेम चालत नाहीत. फुकट आणि शिवाय बिनमजेची, अशा गोष्टीला विरोध कोण करणार? ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

वाचनालयाचे काम सुचिता पाहते. ठरावापूर्वी तिला कोणी काही विचारले नाही, कारण तिला लिनक्स येत होते.

पहिल्याच आठवड्यात सरपंच पाहणीला आले, तर एका पडद्यावर पेंग्विन मोटार पळवत होता.

"ह्ये काय?"

"सुपरटक्सकार्ट, काका."

"लिनक्सवर गेम चालत न्हाय ना?"

"कोण म्हणालं? हे गेम लिनक्सवर थेट चालतात, मधे कसली खटपट नाही. तो बाजूला वेसनॉथ, त्यात लढाया. आणि तिकडे ओपनटीटीडी. त्यात रस्ते करायचे, बस सोडायच्या, पूल बांधायचे."

'पूल' हा शब्द ऐकताच सरपंचांनी खुर्ची पुढे ओढली.

याला कारण होते. खारनेवाडी आणि बाजार यांच्यामध्ये खाडी आहे. तिच्यावरच्या पुलाचे भूमिपूजन आजवर इतक्यांदा झाले आहे, की फुटलेल्या नारळांच्या करवंट्या जरी रचल्या असत्या तरी लोक पायी पलीकडे गेले असते. कोळीवाड्यातली नीराबाई रोज मासळीची पाटी घेऊन सदा होडीवाल्याच्या होडीतून खाडी ओलांडते. ओहोटीला होडी काठापर्यंत येत नाही. मग डोक्यावर पाटी घेऊन गुडघाभर चिखल तुडवायचा.

सरपंचांनी दुपारचा चहा येईपर्यंत पूल बांधला. भूसंपादन नाही, हरकती नाहीत, पाहुण्यांची वाट पाहणे नाही. सुचिताने अलीकडच्या गावाला खारनेवाडी असे नावही देऊन टाकले. पुलावरून पहिली बस गेली तेव्हा सरपंचांच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला फीत बांधून उद्घाटन झाले, पेढे वाटले, भाषणे झाली. सदा होडीवाला तेवढा चिंतेत दिसला.

गर्दीतून वाट काढत नीराबाई आत आली. डोक्यावर पाटी होतीच.

"पूल झाला म्हनं. कुठनं चढायचा?"

सुचिताने हळूच पडद्याकडे बोट केले. नीराबाईने वाकून पाहिले.

"चांगला हाय. ह्यो माझी पाटी नेल काय?"

"न्हाय, नीराबाय," सरपंच खाली बघत म्हणाले. हातातला पेढा त्यांना खाववला नाही.

पण कामकाज पेढ्यासाठी थांबत नाही. ग्रामसेवकांनी उद्घाटनाचा आणि पुलाचा फोटो केव्हाच वर, बांधकाम खात्याकडे पाठवला होता. वरून अभिनंदनाचे उत्तर आले: पूल पूर्ण झाल्याने मागणी निकालात काढण्यात येत आहे. सरपंच धावतपळत खात्याच्या कार्यालयात गेले. हा पूल गेममधला आहे, असे त्यांनी परोपरीने सांगितले. टेबलामागच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "असेल. पण झालेला पूल पुन्हा मंजूर कसा करायचा?" (हे उत्तर बिनतोड आहे, हे मान्य केले पाहिजे.)

सरपंच तोंड पाडून परत आले. वाचनालयाच्या पायरीवर बसून त्यांनी नीराबाईला सगळे सांगितले. "माझ्यापायी गेला गो पूल," ते म्हणाले. नीराबाईने पाटी खाली ठेवली आणि तरातरा आत गेली.

"सुचिते, यात मोडायचा कसा?"

सुचिताने सुरुंगाचे चित्र दाखवले. नीराबाईने माऊस दोन्ही हातांनी धरला, पापलेट धरावे तसा, आणि दाबला. धडाम् असा आवाज होऊन पूल खाडीत गेला.

"आता ह्यो फोटू धाडा."

न झालेल्या पुलासाठी जे साहेब कधी आले नव्हते, ते पडलेल्या पुलासाठी दोनच दिवसांत हजर झाले. पायांत चकचकीत बूट होते आणि खाडीला ओहोटी होती.

"पूल कुठे आहे?"

"पडला ना, सायेब," नीराबाई म्हणाली.

"किती भाग शिल्लक आहे?"

"कायच न्हाय."

अवशेष पाहायला साहेब पुढे झाले आणि मांडीपर्यंत रुतले. नीराबाईने आणि सदाने त्यांना ओढून काढले. एक बूट खाडीतच राहिला. कोरड्या जमिनीवर पोचताच साहेबांनी दळणवळण ठप्प झाल्याचा शेरा मारून तातडीची दुरुस्ती मंजूर केली. दुरुस्तीत काय काय मोडते असे विचारले, तेव्हा "सगळं," एवढेच म्हणाले.

सध्या खाडीत खरे खांब उभे राहत आहेत. नीराबाई जाता-येता होडीतून कामगारांना सूचना करते. सदाने पलीकडच्या काठावर चहाची टपरी टाकायचे ठरवले आहे. सरपंच रोज काठावर उभे राहून इंजिनियरला विचारतात, "एवढा येळ कशाला लागतो?"

ही हकीकत मी चौलपासून रेवसपर्यंत अनेकांना सांगितली. ऐकून प्रत्येक जण हसतो, मान हलवतो आणि मग एक प्रश्न विचारतो. पुलावरून माणसे कधी चालणार, हा तो प्रश्न नसतो. तुमच्याही मनात तोच आला असणार, म्हणून उत्तर देऊन ठेवतो: हो, तो गेम तुमच्याही कॉम्प्युटरवर चालेल.