संरक्षित कानशील

चष्मेवाल्याच्या डाव्या कानशिलात कळ येऊ लागली. तिथे कोणी लगावलेली नव्हती. बायकोने दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. घास चावला, दाढी केली, डाव्या कुशीवर वळला, की कानापुढून निघालेली कळ थेट डोक्यात चढे. सगळ्यात वाईट म्हणजे चष्म्याची दांडी. ती टेकली की काजवे चमकत. म्हणून दुकानात तो एका हाताने स्वतःचा चष्मा डोळ्यांपुढे धरी आणि उरलेल्या हाताने लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळी. असा चष्मेवाला पाहून गिऱ्हाइके पलीकडच्या दुकानात जात.

दंतवैद्याने एक दाढ काढली. ती निर्दोष निघाली.

अखेर मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी कानापुढे, जबड्याच्या सांध्याशी नेमके बोट दाबले. चष्मेवाला खुर्चीतून उडाला आणि डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथेच बधिर करणारे इंजेक्शन दिले. थोड्याच वेळात कळ गेली. त्याने खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला, दोन्ही मोकळ्या हातांकडे पाहिले आणि त्याला भरून आले.

"ही तपासणी होती," डॉक्टर म्हणाले. "कळ गेली, म्हणजे निदान बरोबर. फार दुर्मीळ दुखणं आहे हं. संध्याकाळपर्यंत परत येईल."

"आणि उपचार?"

"हाच. अधूनमधून देत राहिलं की बहुधा नस शांत होते."

"मग द्या की."

"दिलं असतं हो. पण माझ्या तोंडून दुर्मीळ शब्द गेला ना. आता दुर्मीळ व्याधी कक्षाची परवानगी लागणार."

कक्षाला पाटी होती, प्रमुख होते, सहायक होता, थंड पाण्याचे यंत्रही होते. रुग्ण तेवढा नव्हता. कक्ष घाईत उघडल्यामुळे नियम लिहायला सवड मिळाली नव्हती; म्हणून वरच्या मजल्यावरच्या दुर्मीळ प्राणी कक्षाचे नियम आणून 'प्राणी'च्या जागी 'रुग्ण' घातले होते. काम चोख झाले होते. एकही प्राणी शिल्लक नव्हता.

चष्मेवाल्याला पाहताच प्रमुख उठून उभे राहिले.

"तुमच्या प्रकारचे तुम्ही एकटेच. उपचार केले तर किती उरतील?"

"एकही नाही."

"त्यालाच आम्ही नामशेष होणं म्हणतो. ते रोखायलाच तर बसवलंय आम्हाला."

दुसऱ्या दिवशी दुकानाभोवती दोर लागला. 'शांतता राखा, खाऊ घालू नका' अशी पाटी लागली. बायको घास कुस्करून द्यायला गेली, तर नैसर्गिक आहारात ढवळाढवळ म्हणून ताट मागे घ्यावे लागले. सहायक रोज सकाळी येई, कानापुढे बोट दाबी, चष्मेवाला किंचाळला की "आहे" म्हणून समाधानाने निघून जाई.

"यांच्या भावंडांत कुणाला आहे का हो?" एकदा त्याने बायकोला विचारले. "वंशवाढीच्या दृष्टीनं विचारतो."

"धाकट्या भावोजींना येते कळ. काम सांगितलं की लगेच. पण ती पाठीत."

"पाठीतली नाही चालणार."

"आणि काय हो, हे रुग्ण, तर मग मी कोण?"

"तुम्ही अधिवास, वहिनी. तुमच्यात फेरबदल करायला बंदी आहे."

त्याच दुपारी अधिवास मागच्या दाराने बाहेर पडला आणि डॉक्टरांचा हात धरून परत आला. डॉक्टरांनी स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज होणार नाही अशा बेताने, इंजेक्शन दिले. पुढेही ते असेच चोरपावलांनी येत राहिले. हळूहळू कळ विझली. मग एका सकाळी सहायकाने बोट दाबले आणि चष्मेवाला नुसता हसला. सहायक पांढराफटक पडला.

बायकोवर शिकारीचा ठपका आला. डॉक्टरांनी आपल्याला काहीच आठवत नसल्याचे सांगितले. विसरण्याचे हे दुखणे दुर्मीळ नसल्याने कोणी दखल घेतली नाही.

"शिकारीला कैद आहे," प्रमुख हळहळत म्हणाले. "पण आम्हीही माणसंच आहोत. रिकामी जागा भरून द्या, प्रकरण मिटवू."

"म्हणजे माझी कळ परत आणू?"

"तुमचीच पाहिजे असं कुठं आहे?"

चष्मेवाला घरी येऊन बराच वेळ बायकोकडे पाहत राहिला. "अहो, असं काय बघताय," ती म्हणाली, "मी अजून इथंच आहे." मग त्याने दुकान उघडले.

हल्ली तो दोन्ही हातांनी काम करतो. गिऱ्हाइकेही परतली आहेत. चष्मा बसवून झाला, की तो कानापुढे अलगद बोट टेकवतो, दाबतो आणि फार मायेने विचारतो, "इथं काही होतं का हो?" बहुतेक जण नाही म्हणतात. आतल्या दाराशी उभी असलेली बायको प्रत्येक उत्तर कान देऊन ऐकते.

तुम्हीही आत्ता कानापुढे बोट दाबून पाहिलेत. हरकत नाही, सगळेच पाहतात. फक्त दुखले तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. त्याला आता लांबचेही स्वच्छ दिसते.