सदा टेलरची तिसरी घंटा

सदा टेलर दर रविवारी दुपारी चारला देवघरातली घंटा घेऊन दारात यायचा आणि ती थांबून थांबून तीनदा वाजवायचा. तिसरी झाली की दाराला आतून कडी. आत संगीत नाटक सुरू. नाटक म्हणजे स्टुलावर ठेवलेला टेपरेकॉर्डर.

गल्लीत तेव्हा नुकती केबल आली होती. सगळे टीव्हीसमोर पालथे. आणि हा गडी टेप ऐकायला इस्त्रीचा कोट, काळी टोपी घालून, मनगटाला अत्तर लावून बसायचा.

एकदा मी सुपारी आणायला गेलो आणि दोन मिनिटं चुकलो. दार वाजवलं. आतून आवाज आला, "नाटक चालू हाय. मध्यंतरात या." अख्खा पहिला अंक मी पायरीवर बसून ऐकला. शेजारी एक कुत्रं बसलं होतं. त्यालाही उशीर झाला असावा.

कॅसेटची बाजू संपली की मध्यंतर. मग चहा आणि फुटाणे. पुढच्या रांगेत सदाच्या बायकोची, सुमनवहिनींची खाट. दोन वर्षांमागं त्यांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. पद आवडलं की त्या उजवा हात वर करून वाकड्या तोंडानं ओरडायच्या, "वन्स मोअर!" सदा उठून कॅसेट मागं घ्यायचा. एकेक पद चार चार वेळा. नाटक कधी कधी दिवेलागणीपर्यंत चालायचं.

मी चौथीपर्यंत शिकलो. गुळाच्या पेठेत तोलाई करण्यात जन्म गेला. पण नाटकातलं मला कुणी शिकवू नये. सांगलीत आलेलं एकही नाटक मी सोडलेलं नाही. नाटक बघायचं असतं, हे माझं मत. सदाचं उलटं.

"काय बघायचं रं त्यात?" तो म्हणायचा. "सोळा वर्साचा राजपुत्र म्हणून येतोय त्येला तीन लेकरं. पोट आधी येतंय, मागनं त्यो. अंगरखा पाठीवर उसवलेला, वर टाचण्या. मी टेलर हाय गड्या, माझं ध्यान गाण्यावर ऱ्हाईल का? टेपमधी बघ, राजपुत्र कायम सोळाचा."

यावर आमची दहा वेळा भांडणं झाली. एकदा महिनाभर बोलणं बंद होतं.

मग तेच राजपुत्राचं नाटक सांगलीत लागलं. मी हट्टानं दोन तिकिटं काढली आणि खाटेसमोरच उभा राहिलो. म्हटलं, "वहिनी, सांगा ह्याला. एकदा डोळ्यांनी बघू दे."

"जावा की तुमी," वहिनी म्हणाल्या. "शेजारची काकू बसंल माझ्याजवळ."

सदा एकदम तडकला. "तुझ्यापायी बसतोय व्हय मी घरात? नाटक ही बघायची चीजच न्हाई. रामा, तिकीट घे आन् चालू लाग."

मला राग आला. एकटाच गेलो. शेजारच्या खुर्चीवर माझा कोट ठेवला. नाटक काय झालं म्हणून सांगू! आता ह्याला ऐकवतोच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी पोचलो.

मी तोंड उघडायच्या आत सदानं चपला घातल्या. "चल, पान आणू." पानाची टपरी कोपऱ्यावर, पण हा टपरी सोडून पार हळदीच्या गोदामामागं आला. तिथं मागं वळून घराकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "पडदा कंच्या रंगाचा हुता?"

"लाल मखमली."

"झालर?"

"सोनेरी. हातभर रुंद."

"राजपुत्राचा अंगरखा?"

मी सांगत गेलो. हिरवा जरीचा, घेर मोठा, वळला की फिरकीसारखा फुलायचा. सदा डोळे मिटून ऐकत होता, टेप ऐकताना मिटतो तसेच. उजव्या हाताची बोटं हवेत कापड चाचपत होती.

"आमी दोघं मिळून असला एक शिवला हुता," तो म्हणाला. "नाटकवाल्यांसाठी. काजं तिनं केली. विंगेत हुभं ऱ्हाऊन पूर्ण नाटक बघितलं. आता तिला खुर्चीत पाच मिनटं बसवत न्हाई. आपल्यामुळं ह्येंचं नाटक सुटलं, असं तिच्या डोक्यात याया नगं." मग माझं मनगट धरलं. "घरात बोलू नगंस."

त्याच्याशी केलेली सगळी भांडणं मला तिथं आठवली. येताना टपरीवर पान घेतलं आणि ते चघळत परत आलो.

वहिनी वाटच बघत होत्या. "भावजी, कसं झालं नाटक?"

सदा पाठ करून टेप पुसत होता. फडकं थांबलं.

चांगल्याला वाईट मी उभ्या जन्मात म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. "बघवत न्हाई, वहिनी. राजपुत्राचं पोट पैलं आलं, मग त्यो. अंगरख्याला मागं टाचण्या."

वहिनी खदखदा हसल्या. "मंजी ह्ये म्हंत्यात त्येच खरं!"

"त्येच खरं," मी म्हणालो.

रविवार नव्हता, चारही वाजले नव्हते. तरी सदानं घंटा घेतली. तिसरी झाल्यावर दाराला कडी मी घातली.