मंजुळाबाईंची झोप

सासूबाई मुक्कामाला आल्या त्या मंजुळेला घेऊनच. मंजुळा ही त्यांची मांजर. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं तिचा आवाज ऐकलेला नसावा. दिवसभर ती खिडकीत उशीसारखी पडून असायची आणि घरातले दिवे मालवले की घसा फाडून ओरडायला लागायची. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांची झोप छान व्हायची. जागरण व्हायचं ते लेकीला आणि जावईबापूंना.

जावईबापूंना ते परवडण्यासारखं नव्हतं. ते वॉशिंग मशीनच्या एका सर्व्हिस सेंटरात तक्रारी नोंदवून घ्यायचे. तिथली काउंटरप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "काम तुम्हाला येतं हो. पण इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक आलं की तुम्ही चहा सांगायच्या निमित्तानं आत पळता." महिनाअखेरीला मुलाखत होती.

म्हणून त्यांनी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. रोज सकाळी एक नवा इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, एक चित्र, आणि खाली ताकीद: आजच्या आज वापरा, नाहीतर विसराल. या ताकिदीनं त्यांच्या जिवाला घोर लावला. शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. 'लीक' आला त्या दिवशी त्यांनी घरातला एकही नळ सोडला नाही. 'करेज' आला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत संधीच मिळेना, तेव्हा जिन्यात भेटलेल्या कुरिअरवाल्याला अडवून त्यांनी सांगितलं, "तुमच्यात फार करेज आहे." तो बिचारा पुढे कितीतरी दिवस, वर कुत्रं सोडलंय की काय, अशा भीतीनं पायऱ्या चढायचा.

त्या दिवशी सकाळी अ‍ॅपवर 'पुट टू स्लीप' आलं. अर्थ: झोपवणे. चित्रात एक आई बाळाला थोपटत होती.

"ऐकलंत का," बायको म्हणाली, "आज मंजुळेला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे सोडा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. दुपारी आई घेऊन येईल तिला. पण त्या डॉक्टरीणबाई नव्या आहेत, त्यांना इंग्रजीच कळतं म्हणे. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" जावईबापू म्हणाले. इतकी आयती संधी त्यांना आजवर कोणत्याच शब्दानं दिली नव्हती.

दवाखान्यात त्यांनी मंजुळेची टोपली टेबलावर ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "डॉक्टर, प्लीज पुट हर टू स्लीप."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आर यू शुअर?"

"व्हेरी शुअर."

"इज शी सफरिंग?"

'सफरिंग' मागच्याच आठवड्यात झाला होता. जावईबापूंचा उत्साह वाढला. "नो, नो. वुई आर सफरिंग."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "डज युवर फॅमिली नो?"

"फॅमिली व्हेरी हॅपी."

शेवटी बाईंनी हळू आवाजात विचारलं, की तुम्हाला तिच्याजवळ थांबायचंय का. जावईबापूंनी घड्याळ दाखवलं. "नो टाइम. ऑफिस."

बाईंनी मंजुळेला छातीशी धरलं आणि त्या आत निघून गेल्या. मुक्या जिवांवर काय माया आहे बाईंची, असं म्हणत जावईबापू बाहेर पडले.

ऑफिसात पोचायला उशीर झाला होता. साहेब दारातच उभे होते. पण आज जावईबापू आत पळाले नाहीत. "सर, सॉरी," ते ताठ मानेनं म्हणाले, "आय पुट माय कॅट टू स्लीप."

साहेबांचा चेहराच उतरला. त्यांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, मग आज यायचं कशाला? बसा. काम होतच राहील."

एका वाक्यात एवढा फरक पडतो हे बघून जावईबापू हरखले. शेजारच्या टेबलावरच्या, सुट्या भागांचा हिशोब बघणाऱ्या बाई स्वतः उठून त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या.

"किती वर्षांची होती?"

"असेल सहा-सात वर्षांची. आहे तशी तरुणच."

"होती," बाई हळूच म्हणाल्या.

"आहे."

"लवकर पटत नाही हो मनाला. आमच्या कुत्र्याच्या वेळी मीसुद्धा महिनाभर 'आहे'च म्हणायचे. आई शेवटी मला समुपदेशकाकडे घेऊन गेली."

जावईबापूंनी चहा खाली ठेवला. त्यांनी फोन काढला. थोपटणाऱ्या आईच्या चित्राखाली बारीक अक्षरात 'आणखी अर्थ' असं लिहिलेलं होतं. आजवर त्यांनी ते कधी उघडलं नव्हतं. एका दिवसाला एक अर्थ पुरे, असं त्यांचं धोरण होतं. त्यांनी बोट टेकवलं. आजारी किंवा म्हाताऱ्या प्राण्याला इंजेक्शन देऊन त्याचं जीवन संपवणे.

त्यांनी तडक दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "शी इज स्लीपिंग, सर."

"व्हिच स्लीप?"

"सॉरी?"

"मॅडम, व्हिच स्लीप? मॉर्निंग गेट अप स्लीप?"

पलीकडून फोन ठेवला गेला आणि लगेच बायकोचा आला. "आई निघालीय हं मंजुळेला आणायला. बरोबर दूध घेतलंय तिनं."

जावईबापू कुणालाही न सांगता धावत सुटले. मिळाली ती टॅक्सी पकडली, ती पहिल्याच चौकात अडकली, तेव्हा पैसे देऊन उतरले आणि बूट वाजवत पळत राहिले. सासूबाईंना काय सांगायचं हे ते मराठीतच जुळवून बघत होते, पण तेही जुळत नव्हतं.

सासूबाई बाकावर बसलेल्या होत्या. मांडीवर दुधाची बाटली आणि वाटी. "या जावईबापू. केवढा घाम आलाय तुम्हाला. झोपलीय म्हणतात ती."

"आई," जावईबापू कसेबसे म्हणाले, "समजा, ती उठलीच नाही तर?"

"उठेल की. वाटी वाजवली की उठते."

जावईबापूंनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरचा जंतांच्या औषधाचा तक्ता वाचायला घेतला. त्यातलं एकही अक्षर त्यांना दिसत नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. जावईबापूंना बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्या भराभर बोलत सुटल्या. जावईबापूंना कळलं ते एवढंच: धडधाकट मांजरीला मी मारत नसते. तिची दाढ किडली होती, म्हणून ती रात्री ओरडायची. भूल देऊन दाढ काढली आहे, आता ती झोपली आहे. पण तुमच्यासारख्या माणसाच्या घरी मी तिला परत पाठवणार नाही. दुसरं चांगलं घर बघितलंय. तुम्ही निघा.

मंजुळा जिवंत आहे एवढं ऐकूनच जावईबापूंना इतकं हायसं वाटलं, की ते हसायला लागले. त्या हसण्यानं बाई आणखीनच भडकल्या.

"नो, नो, मॅडम. मिस्टेक. आय वॉन्ट ओन्ली स्लीप. नॉट डेड." इतके दिवस गोळा केलेले शब्द घशाशी येऊन नुसती रेटारेटी करत होते. "करेज," ते म्हणाले. "सॉरी. नॉट करेज."

"काय म्हणतायत त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"दाढ काढली म्हणतात."

"मग आणा की तिला."

"देत नाहीत म्हणतात."

"का?"

आता इलाज नव्हता. सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन जावईबापूंनी सगळं सांगितलं. कमी ऐकू येत असल्यामुळे ते मोठ्यानं सांगावं लागलं, आणि दवाखान्यातल्या सगळ्या मराठी माणसांनी ते आपापल्या जनावरांसह ऐकलं.

वाटी-बाटली जावयाच्या हातात देऊन सासूबाई डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहिल्या, मान वर केली आणि हुबेहूब मंजुळेसारख्या ओरडल्या. बाकांखालची कुत्री एकदम भुंकायला लागली. मग त्यांनी जावयाकडे बोट दाखवलं, डोळे चोळून दाखवले, झोपाळलेल्या माणसासारख्या डुलल्या. गालाखाली हात जोडून निजल्या. गळ्यावरून बोट फिरवलं आणि जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. शेवटी स्वतःच्या कपाळावर टकटक करून पुन्हा जावयाकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाई आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या, ते खुर्चीत बसेपर्यंत. डोळे पुसत त्यांनी सासूबाईंसारखेच गालाखाली हात जोडले. "मराठी वर्ड?"

"झोप," सासूबाई म्हणाल्या.

"झोप," बाईंनी म्हणून बघितलं.

मंजुळा घरी आली आणि त्या दिवसापासून रात्रीची गाढ झोपू लागली. सासूबाईंचं मात्र दवाखान्यात जाणं-येणं वाढलं. जखम तपासायला म्हणून जायच्या आणि तासभर बसायच्या. "चार शब्द शिकवते त्यांना," त्या म्हणायच्या. "हुशार आहेत. लगेच वापरून बघतात."

मुलाखतीच्या दिवशी साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. जिथे कळलं नाही तिथे जावईबापू सरळ "वन मिनिट, सर" म्हणाले आणि अर्थ विचारून घेतला. साहेबांना तेच आवडलं. जागा मिळाली. ही बातमी सासूबाईंना सगळ्यांत आधी सांगायची, म्हणून ते ऑफिसातून थेट दवाखान्यात गेले. आज मंजुळेची शेवटची तपासणी होती आणि दोघींना घेऊन ते घरी जाणार होते.

बाकावर कुणीच नव्हतं. डॉक्टरीणबाई समोर आल्या. त्यांनी हात पुसले, जावईबापूंकडे नीट बघितलं आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाल्या, "मांजर गेली."

जावईबापूंच्या हातातली पिशवी सुटली.

"आई पण गेली," बाई म्हणाल्या.

जावईबापू मटकन बाकावर बसले. मग त्यांनी विचारलं, "हाऊ?"

बाईंनी क्षणभर आठवून बघितलं. "टॅक्सीत."

वाक्य बरोबर जमल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. त्यांनी पुढे होऊन जावईबापूंसाठी अदबीनं दार उघडून धरलं.

"आता तुम्ही पण जा."