जाधवसाहेबांचा तिसरा प्रश्न

संक्रांतीला कुणाच्याही हातावर तिळगूळ ठेवला तर तो माणूस हसतो, लाडू तोंडात टाकतो आणि गोड बोलतो. आमच्या समोरच्या दारातले जाधवसाहेब लाडू दोन बोटांत धरून उजेडाकडे करतात आणि विचारतात, "काय आहे? कशाचं आहे? कशासाठी आहे?" तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय लाडू तोंडात जात नाही. 'लाडू आहे, तिळाचा आहे, गोड बोलण्यासाठी आहे,' हे एका दमात म्हणायला आमचा सगळा मजला आता शिकला आहे.

साहेबांची सगळी नोकरी कस्टममध्ये गेली, तीही विमानतळाच्या मालगोदामात. परदेशी जाणारी-येणारी पार्सलं उघडायची आणि कागदावर लिहिलंय तेच आत आहे का, ते बघायचं. निवृत्त होऊन ते कळव्याला आमच्या इमारतीत राहायला आले, पण प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. भाजीवाल्याला तेच, गॅसवाल्याला तेच, मीटिंगमध्ये रंगकामाचा ठराव मांडणाऱ्या सेक्रेटरीलाही तेच. तरुणपणी त्यांच्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या मामालाही म्हणे त्यांनी तिसरा प्रश्न विचारला आणि मामा चहा न घेता उठला. साहेब एकटे राहिले ते राहिलेच.

आमचा घरोबा झाला तो गोधड्यांमुळे. माझ्या सासूबाईंच्या हाताला स्वस्थ बसणं माहीत नाही. त्यांनी शिवलेल्या एका गोधडीचा फोटो कुणीतरी कुणालातरी पाठवला आणि बघता बघता परदेशातून मागण्या यायला लागल्या. तिकडच्या मुलींना आईच्या, आजीच्या साड्यांची गोधडी हवी असते. माहेरची माणसं साड्या आमच्याकडे आणून देतात, आम्ही गोधडी शिवून तिकडे पाठवतो. शिवणं सासूबाईंचं, पाठवणं माझं. पाठवण्यात काय एवढं, खोक्यात घातली, पत्ता लिहिला, झालं, असं मला वाटायचं.

पहिलंच खोकं घेऊन मी लिफ्टपाशी उभी होते. साहेब दारात आले.

"काय आहे?"

"गोधडी."

"कशाची?"

"जुन्या साड्यांची."

"कागदावर काय लिहिलंस?"

"गिफ्ट."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "पैसे घेऊन विकतेस आणि गिफ्ट लिहितेस? तिकडच्या टेबलावर मी असतो तर सगळ्यात आधी हेच खोकं उघडलं असतं. आणि नुसतं 'जुन्या साड्या' लिहिशील तर वापरलेले कपडे म्हणून अडकवतील. तू कपडे पाठवतेस का? मग वस्तूचं नाव लिही ना."

तिथेच जिन्यात बसवून त्यांनी मला मजकूर सांगितला. हाताने शिवलेली गोधडी, धुतलेल्या सुती साड्यांच्या कापडाची, पांघरण्यासाठी. किंमत खरी. तिकडचा कर कोण भरणार, ते गिऱ्हाइकाला आजच सांगायचं. पार्सल दारात आल्यावर कळलं तर ती ना पार्सल घेणार, ना पुन्हा आपलं नाव. मग त्यांनी पत्ता वाचला. आमच्या गिऱ्हाइकाने पिनकोडऐवजी 'गुजराती दुकानाच्या वर' असं कळवलं होतं.

"न्यू जर्सीत गुजराती दुकान ही काय खूण झाली?" साहेब म्हणाले.

शेवटी त्यांनी खोकं दाबून बघितलं, तर ते अर्धं पोकळ. फुगीर खोक्याचं भाडं वजनावर नाही, मापावर घेतात, हे मला तेव्हा कळलं. "कळव्याची हवा अमेरिकेला पाठवतेस," ते म्हणाले, "आणि वर हवेचं भाडं भरतेस."

तेव्हापासून साहेब संध्याकाळी पेपर घेऊन आमच्याकडे यायचे आणि घडी घातलेल्या गोधडीवर बसायचे. हवा निघेपर्यंत, म्हणजे अग्रलेखापासून राशिभविष्यापर्यंत, ते हलत नसत. सासूबाई कुरकुरायच्या, "भाऊजी, गोधडी आहे ती, गादी नव्हे." साहेब पानावरून डोळे न काढता म्हणायचे, "वहिनी, मी बसलेलो नाही. मी पॅकिंग करतोय."

माजिवड्याच्या कुरिअर ऑफिसातही ते माझ्याबरोबर येत. रिक्षात पार्सल त्यांच्या मांडीवर. काउंटरवर लेबल सरळ चिकटेपर्यंत ते मान तिरकी करून बघत राहायचे. एकदा असंच लेबल चिकटताना म्हणाले, "इतकी पार्सलं उघडली मी, मनीषा. पण आपल्या नावाचं लेबल कधी बघितलं नाही." आज जरा उकडतंय म्हणावं, अशा सुरात त्यांनी हे सांगितलं. मला मात्र ते लागलं. जेवताना मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

आणि मग ऋजुताचं पार्सल अडकलं.

ऋजुता मूळची डोंबिवलीची, राहते मेलबर्नला. तिची आई गेल्या वर्षी गेली. इकडे ऋजुताला दिवस राहिले. आईच्या उरलेल्या सगळ्या साड्या भावाने आमच्याकडे आणून दिल्या आणि तिने फोनवर एकच सांगितलं, बाळ येईल तेव्हा त्याला हीच गोधडी पाहिजे. सासूबाईंनी त्या गोधडीसाठी इतर सगळी कामं बाजूला ठेवली. साहेबांनी हवा काढली, मजकूर तपासला, पार्सल रवाना झालं.

मेलबर्नला पोचलं आणि तिथल्या तपासणीत थांबलं. आत बियाणं सापडलं, असा निरोप आला. पार्सल नष्ट करायचं की परत पाठवायचं, ते मुदतीत कळवा. परत आलं असतं तर बाळाच्या आधी पुन्हा पोचायची आशा नव्हती. ऋजुता फोनवर रडत होती. "ताई, आईच्या तेवढ्याच साड्या होत्या हो. जाळून टाकतील का ते?"

मी सरळ समोरचं दार वाजवलं. साहेब आले आणि आमच्या हॉलच्या मधोमध उभे राहिले. "बियाणं? मी स्वतः त्या गोधडीवर बसलो होतो." एवढं म्हणताना त्यांची नजर हळूहळू सासूबाईंकडे वळली. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या, आणि दोरा काही केल्या ओवला जात नव्हता.

"वहिनी, आत काय घातलंत?"

"ओटी."

"कशाची?"

"मूठभर तांदूळ हो. सुपारी आणि हळकुंड. पदराच्या आत टाके घातले."

"कशासाठी?"

सासूबाईंनी सुई खाली ठेवली. "तिला सातवा लागला होता. आई असती तर तिने ओटी भरली असती. आईच्याच पदराची गोधडी चाललीय पोरीकडे, ती रिकामी कशी धाडू?"

साहेब खाली बसले. चांगले खडसावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उद्देश बरोबर आहे, वहिनी. माल चुकला. तांदूळ म्हणजे त्यांच्या लेखी बी. सुपारी म्हणजे बी. हळकुंड तर मातीतून काढलेला कंद."

मग ते उठून घरी गेले आणि इस्त्रीचा शर्ट, बूट घालून परत आले. "अधिकाऱ्याला अर्ज बनियनवर करत नाहीत," म्हणाले आणि डायनिंग टेबलाशी बसून मला ईमेल सांगायला लागले. सुरुवातीलाच मी आई वारल्याचं लिहायला घेतलं, तर त्यांनी हात वर केला. "रडायचं नाही. त्याच्यापुढे दिवसभर लोक रडतात. त्याला सही करायला कारण हवं असतं, ते दे."

कारण त्यांनी असं दिलं. आमच्याकडून चूक झाली, काही लपवायचं नाही. पदराच्या कोपऱ्यात, टाक्यांच्या आत, तांदूळ, सुपारी आणि हळकुंड आहे. तो कोपरा उसवा आणि तेवढं नष्ट करा. बाकी सगळं धुतलेलं सुती कापड आहे, हवी ती प्रक्रिया करा, खर्च आम्ही देऊ, पण गोधडी सोडा. सगळं लिहून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "आता शेवटी लिही. ही गोधडी येणाऱ्या बाळासाठी आहे आणि ती त्याच्या आजीच्या साड्यांची आहे."

"साहेब, तुम्हीच म्हणालात रडायचं नाही."

"हे रडणं नाही. हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे."

पुढचे काही दिवस साहेब गोधडीवर बसले नाहीत. यायचे, उभ्या उभ्या "आलं का काही?" विचारायचे आणि जायचे. सासूबाईंचं जेवणावर लक्ष नव्हतं. आणि एका सकाळी ऋजुताचा फोटो आला. गोधडी तिच्या मांडीवर होती आणि पदराचा एक कोपरा नीट उसवलेला. बाळ अजून पोटातच होतं. आमची गोधडी जिंकली होती. मी फोन घेऊन अनवाणी समोरच्या दाराशी धावले. साहेबांनी चष्मा पुसून फोटो बघितला, मग पुन्हा चष्मा पुसला. सासूबाईंनी पेढा पुढे केला. साहेबांनी तो उजेडाकडे धरलाच, तेव्हा त्या म्हणाल्या, "पेढा आहे, खव्याचा आहे, आता मुकाट्याने खा." त्या दिवशी सोसायटीत साहेब वरपित्यासारखे मिरवले. कस्टमने अडवलेला माल पत्राने सोडवून आणला, हे सेक्रेटरीपासून लिफ्टच्या मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

सासूबाई मात्र ओटी सोडायला तयार नव्हत्या. पुढच्या गोधडीच्या कोपऱ्यात त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने मूठभर दाणे भरले आणि साहेबांपुढे धरले.

"काय आहे?"

"तांदूळ."

"कशाचे?"

"दोऱ्याचे."

साहेबांनी दाण्यांवरून बोट फिरवलं. "ही ओटी जगातल्या कुठल्याही विमानतळावरून जाईल," ते म्हणाले. तेव्हापासून आमची प्रत्येक गोधडी ओटी घेऊनच जाते, आणि एकही परत आलेली नाही.

ऋजुताला मुलगी झाली. सासूबाई तिच्याशी व्हिडिओ कॉलवर तेल, शेक, बाळंतकाढा असं तासन्‌तास बोलायच्या. आणखीही काही बोलल्या असाव्यात, कारण चैत्र संपता संपता कुरिअरवाला आमच्या मजल्यावर आला आणि त्याने समोरचं दार वाजवलं. मेलबर्नचं पार्सल होतं.

"चुकून आलं असेल," आमच्या दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे बोट करत साहेब म्हणाले. "यांच्याकडचं असेल." मग त्यांनी लेबल वाचलं. नाव त्यांचं, पिनकोड बरोबर, फोन बरोबर. वस्तू: मफलर, लोकरीचा, हाताने विणलेला. किंमत लिहिलेली. तेवढंच. खोकं त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मनीषा, हे कशासाठी पाठवलं असेल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच तपासणीसाठी नव्हे, तर खरंच कळेना म्हणून विचारला. सासूबाईच म्हणाल्या, "उघडा तरी आधी." आयुष्यभर एका फटक्यात खोकी चिरलेल्या त्या माणसाने नखाने चिकटपट्टी सोडवली, लेबल फाटू नये म्हणून. ते खोकं आता त्यांच्या टीव्हीशेजारी आहे, लेबलची बाजू पुढे.

वैशाखात कळव्याला सकाळी सातलाच घाम फुटतो. साहेब मात्र गळ्याभोवती मफलर गुंडाळून दूध आणायला निघाले. मी मागेच होते. गेटपाशी वॉचमन हसला. "काय साहेब, घसा बसलाय काय?"

"घसा ठीक आहे. हा मफलर आहे. लोकरीचा आहे," साहेब म्हणाले. वॉचमनही आता आमच्यातलाच. त्याने विचारलं, "आणि कशासाठी?"

साहेबांनी मफलरचं टोक नीट खांद्यावर टाकलं.

"माझ्यासाठी."