दिवाणजींचा संगमरवरी दगड

"आपलं नाव संगमरवरात कोरलं जाणार!" हरिश्चंद्र दिवाणजींनी पानाची पिचकारी मारून जाहीर केलं.

रत्नागिरी बंदरावर गोकुळशेठच्या वखारीत त्यांनी अख्खा जन्म काढला होता. आता शेठनी धर्मशाळा बांधायला घेतली होती, अर्थात दुसऱ्यांच्या पैशांनी! जो मृत्युपत्रात आपली पुंजी धर्मशाळेला ठेवील, त्याच्या नावाचा दगड भिंतीत बसणार होता. आगबोटीतून उतरणारा प्रत्येक चाकरमानी तो वाचणार होता.

"आणि मी काय खाऊ? संगमरवर?" यमुनाबाई कडाडल्या. "शिमग्याला कधी सुटी दिली नाय त्यानं! आता मेल्यावर पण त्याचीच चाकरी करणार?"

बायकोचं खरं होतं. पण तो दगड काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. मूर्तीवरची उजवी पाकळी पडली तर धर्मशाळा, डावी पडली तर यमुनाबाई!

गुपचूप काम उरकावं म्हणून ते भल्या सकाळी देवळात गेले, पण सोमवार असल्याचं विसरले. देऊळ भरलेलं! काशीराम गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या आणि टिपेच्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! हा हरिश्चंद्र मेल्यावर त्याचा पैसा शेठच्या धर्मशाळेला जायचा की बायकोला? काय तो कौल दे!"

"हळू रे काशीराम!"

"हळू? देव काय तुमच्या पडवीत बसलाय?"

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. गाव मात्र हललं! धडधाकट माणूस असला कौल कशाला लावील? दुपारपर्यंत दिवाणजी अखेरच्या घटका मोजताहेत, अशी साऱ्या बंदरावर बोंब झाली. शेजारची सखू पेज घेऊन धावली. पलीकडच्या घरातल्या तुळसाने तर दारातूनच गळा काढला.

"अगो, मी जेवतोय!" दिवाणजी आंबोळीचा घास सावरत ओरडले.

"शेवटची इच्छा असेल हो!" म्हणत तुळसा आणखी जोरात रडू लागली.

तिसऱ्या दिवशी खुद्द गोकुळशेठची बैलगाडी दारात थांबली. दिवाणजी सवयीने हात जोडून उभे राहिले.

"अरे, तू अजून उभा राहतोस?" शेठचा चेहराच पडला.

गड्यांनी गाडीतून दगड उतरवला. चकचकीत संगमरवर! दिवाणजींचे डोळे भरून आले. मग त्यांनी वाचलं, 'गोकुळशेठ यांचे आज्ञाधारक नोकर कै. हरिश्चंद्र.'

"शेठ, हे 'कै.' कशाला?"

"पाथरवट उद्या मुंबईला चाललाय. तुझ्यासाठी त्याला पुन्हा कोण बोलावणार? तारखेपुरती जागा सोडलीय."

जन्मात पहिल्यांदा दिवाणजींनी शेठसमोर जोडलेले हात सोडले. "पैसा बायकोचा! देवाचा कौल पडो न पडो!"

"मग हा दगड कुणाच्या उपयोगाचा?" शेठ दगड तिथेच टाकून तणतणत निघून गेले.

उपयोग यमुनाबाईंना लगेच सापडला. दगड विहिरीवर बसला. रोज सकाळी त्या नवऱ्याच्या नावावर लुगडी आपटतात. नाव आता बरंच झिजलंय, 'कै.' तेवढं अजून ठळक आहे!