सिंहाला कॉफी कशी लागते

एका जंगलात सगळे जण कॉफी पीत असत. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. मागच्या खेपेला तुम्ही इतके प्रश्न विचारलेत, बाळांनो, की गोष्ट राहिली बाजूला आणि मला नुसती उत्तरंच देत बसावं लागलं. तेव्हा हाताची घडी, तोंडावर बोट. जंगलात कॉफी होती म्हटलं की होती.

ती करायची तानूबाई म्हैस. नदीकाठच्या करंजाखाली तिची चूल होती. मोठं पितळी पातेलं, घरचं दूध, हात सैल सोडून घातलेली साखर, चवीपुरती कॉफीची पूड आणि वरून किसलेलं जायफळ. पातेलं तीनदा वर येऊ द्यायचं आणि मग उतरवायचं. सगळे जण बशीत ओतून प्यायचे. फुर्र असा आवाज आला नाही तर तानूबाईला वाटायचं, पाहुण्याला आवडली नाही.

आता या जंगलाची एक रीत सांगतो, ती नीट ऐका. कुणी "काय घेणार?" असं विचारलं, तर आपल्याला काय हवंय ते सांगायचं नाही. तो हावरटपणा झाला. "नको" असंही म्हणायचं नाही. तो शिष्टपणा झाला. "चालेल" म्हणायचं. चहा? चालेल. की कॉफी? तीही चालेल. साळूबाई साळिंदरीचं लग्नसुद्धा असंच झालं होतं. मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं, ती मान खाली घालून "चालेल" म्हणाली. पुढे तिने पंचवीस वर्षं संसार केला. नवरा कसा आहे ते तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

दुसरी रीत अशी, की ज्याच्या घरची कॉफी प्यायली त्याला त्या दिवशी खायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण लाज म्हणून एक गोष्ट असते. निदान तेव्हा असायची.

या दुसऱ्या रीतीवरच तानूबाई जिवंत होती. सात वर्षांपूर्वी एका सकाळी सिंहमहाराज तिच्या दारात येऊन उभे राहिले होते. कशाला आले होते, ते तुम्हांला कळलं असेलच. तानूबाईलाही कळलं. पण दारात कुणी आलं की तोंडातून आपोआप जे बाहेर पडतं, तेच तिच्या तोंडून पडलं. ती म्हणाली, "बसा ना. कॉफी टाकते."

महाराज गोंधळले. इतकी वर्षं ते लोकांच्या दारात उभे राहत आले होते, पण बसा कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी राजघराण्यातले होते, चांगल्या वळणाचे होते. "चालेल," ते म्हणाले. कॉफी झाली. मग कॉफी पिऊन लगेच यजमानालाच खायचं, हे काही बरं दिसेना. ते "येतो" म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तानूबाईने पुन्हा पातेलं चढवलं. असं करता करता सात वर्षं झाली. रोजच्या एका कपावर तानूबाईचा एकेक दिवस पुढे सरकत होता.

मग कोल्होबा आला.

कोल्होबा दोन वर्षं शहरात राहून आला होता. आता त्याला कोल्होबा म्हटलेलं आवडत नसे, कोल्हेसाहेब म्हणावं लागे. त्याने मोठ्या कातळावर कॉफीचं दुकान मांडलं. बिया दळायचं यंत्र आणलं, पूड तोलायला काटा आणला आणि पाण्यात बुडवायला ताप बघतात तसली एक काचेची नळी आणली. अस्वलदादाने काळजीने विचारलं, की पाण्याला बरं नाही का? कोल्होबाने उत्तर दिलं नाही. शहरात उत्तर न देणं शिकवतात.

मग त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, की खरी कॉफी कोरीच प्यायची असते. दूध घालणं हा कॉफीचा अपमान. साखर घालणं हे अडाणीपण. जायफळाचं नाव निघाल्यावर त्याने नुसते डोळे मिटून घेतले. सगळ्यांना अपराध्यासारखं झालं. आमची भाजणी अगदी हलकी असते, असं तो म्हणाला, तेव्हा अस्वलदादा थालीपिठाच्या आशेने दुपारपर्यंत कातळावर बसून राहिला. घरी जाताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"पहिल्या घोटाला संत्र्याची साल लागेल," कोल्होबा म्हणायचा, "मग ओली माती. शेवटी किंचित चामडं."

सगळे जण घोट घ्यायचे, कपाळावर आठी घालायचे आणि मान डोलवायचे. माती तर साळूबाई रोज उकरायची, त्यामुळे तिला मातीची चव ठाऊक होती. माती याच्यापेक्षा बरी लागते, असं तिचं मत झालं. पण कोल्होबाने विचारलं, रोज अशीच चालेल ना? तर ती काय म्हणाली असेल, सांगा बघू. हां, तेच म्हणाली.

महाराजही कातळावर आले. कोल्होबाने वाकून विचारलं, कोरी चालेल ना महाराज? भोवती अख्खं जंगल जमलेलं. महाराजांनी पहिला घोट घेतला आणि त्यांची आयाळ एका बाजूने उभी राहिली. पण राजा पडला, तो चेहरा वाकडा करून कसा चालेल? ते म्हणाले, "चालेल. उत्तम चालेल." झालं. दुसऱ्या दिवसापासून महाराजांचा कप कातळावर ठरून गेला. त्यांना पित्त झालं, छातीत जळजळ सुरू झाली, पण एकदा चालेल म्हटलेलं आता न चालवायचं कसं, हे राज्यकारभारात त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

इकडे तानूबाईचं पातेलं पहिल्या दिवशी तसंच राहिलं. आधी तिला राग आला. सात वर्षं निगुतीने करून घालतेय, आणि एका शब्दाने कळवायला काय झालं होतं? ती फणफणत नदीत जाऊन बसली. दुपारी महाराज काठाकाठाने फिरत आले आणि समोर बसले. नुसते बसले. आज त्यांनी तिच्या घरचं काही घेतलेलं नव्हतं.

"तब्येत चांगली सुधारलीय तुमची, तानूबाई," ते म्हणाले. तानूबाईचा राग तिथल्या तिथे विरघळला. ती उन्हं कलेपर्यंत पाण्यातून उठली नाही. महाराजांना पाण्यात उतरायचा कंटाळा, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तडक अस्वलदादाकडे गेली. तिला विचारायचं होतं, की तुम्हांला ती कोरी खरंच आवडते का? अस्वलदादाने आधी इकडेतिकडे बघितलं. मग तो रडायलाच लागला. म्हणाला, तोंड इतकं कडू होतं की मधसुद्धा कडू लागतो, पण सगळ्यांना आवडतेय तर मीच एकटा कसा बोलू? ती साळूबाईकडे गेली. तिथेही तेच. हरणांकडे गेली, तिथेही तेच. जंगलात एकालाही ती कॉफी आवडत नव्हती आणि अख्खं जंगल ती पीत होतं. तानूबाईने कपाळाला हात लावला, आणि मग ती ठरवून कातळावर गेली.

कातळावर नेहमीप्रमाणे सगळे माना डोलवत होते. महाराज मध्यभागी बसले होते. कोल्होबाने तानूबाईपुढे कप धरला आणि विचारलं, "कोरी चालेल ना?"

तानूबाई म्हणाली, "नाही चालणार."

बाळांनो, हा शब्द त्या जंगलात पूर्वी कुणी ऐकला नव्हता. पोपटांनी एकमेकांकडे बघितलं. कोल्होबाचा हात कपासकट तसाच राहिला. आणि तानूबाईला एकदा तोंड फुटल्यावर ती थांबेना. मला ही आवडत नाही, ती म्हणाली. मला दूध लागतं, साखर लागते आणि जायफळ तर लागतंच लागतं, आणि तुम्हां सगळ्यांनाही लागतं. किती दिवस दुसऱ्याच्या जिभेने चव घेणार आहात? मनात असेल ते बोला एकदाचं.

मग अस्वलदादा उठून म्हणाला, की मलाही नाही चालत. मग साळूबाई. मग हरणं. शेवटी स्वतः कोल्होबा मटकन खाली बसला आणि म्हणाला, "मी घरी तीन चमचे साखर घालतो." सगळ्यांना इतकं हलकं वाटलं, की कातळावरच आनंदाने मिठ्या मारणं सुरू झालं. साळूबाईला मात्र कुणी मिठी मारली नाही.

आता इथे गोष्ट संपवायला हरकत नव्हती. तुमच्या शाळेच्या बाई असत्या तर त्यांनी संपवलीही असती. पण खरं बोलायची सवय एकदा लागली की ती कुठे थांबवायची ते कुणाला कळत नाही. अस्वलदादा म्हणाला, की खरं सांगायचं तर तानूबाईंच्या कॉफीत जायफळ जरा जास्तच होतं. साळूबाई म्हणाली, की जायफळ कसलं घालायचं, वेलची हवी. हरणांचं मत पडलं, की दूध निम्मं पाणी घालून पातळ करावं. साय गाळावी, असं एक म्हणालं. जो साय गाळतो त्याच्याशी मी बोलणार नाही, असं दुसरं म्हणालं. साळूबाईने लगे हात नवऱ्याबद्दलही सांगून टाकलं. तो बिचारा मागेच उभा होता. इतकी वर्षं जे एका पातेल्यातलं मुकाट्याने पीत होते, त्यांच्यात अर्ध्या तासात सहा तट पडले.

तानूबाईला त्याचं काही वाईट वाटलं नाही. भांडोत की. शेवटी सगळ्यांच्याच कॉफीत दूध होतं, आणि दूध तिचंच लागणार होतं. जीव वाचला होता. तिला इतकं भरून आलं, की त्या गर्दीत एकटे बसलेले महाराज बघून तिला त्यांची दया आली.

"महाराज," ती मायेने म्हणाली, "सगळे बोलले, तुम्हीच राहिलात. कॉफी कशी आवडते तुम्हांला? संकोच करू नका."

महाराज पंजाने कातळ उकरत राहिले. सगळे भांडण थांबवून त्यांच्याकडे बघायला लागले. "खरं सांगू?" ते म्हणाले. "मला कॉफी मुळात आवडतच नाही. तुम्ही इतक्या अगत्याने विचारायचात, म्हणून मी हो म्हणत गेलो."

"अगंबाई," तानूबाई म्हणाली. "सात वर्षं? मग आवडतं तरी काय तुम्हांला?"

हे तिने विचारायला नको होतं. मी तिथे असतो तर तिची शेपटी ओढली असती.

महाराजांनी मान वर केली. एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्यांची आवड विचारली होती. त्यांचे डोळे पाणावले.

"म्हैस," ते म्हणाले.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. राजा असून इतकं मोकळं बोलायचं म्हणजे साधी गोष्ट नाही, असं अस्वलदादा डोळे पुसत म्हणाला. कोल्होबाने महाराजांच्या पाठीवर हात ठेवला. साळूबाई म्हणाली, की आमच्या ह्यांनी यावरून काही शिकावं. सगळ्यांची मनं इतकी भरून आली होती, की तानूबाईकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

महाराज मात्र तिच्याकडेच बघत होते, आणि आज त्यांच्या बघण्यात संकोच अजिबात नव्हता.

"तुम्ही बसा," तानूबाई म्हणाली. "चुलीवर पातेलं तसंच राहिलंय, तेवढं उतरवून येते."

आणि ती गेली. बाळांनो, ती जी गेली ती नदी ओलांडून, समोरचा डोंगर चढून, पलीकडे कुठे उतरली ते आजवर कुणाला कळलेलं नाही. पातेलं तिने उतरवलं नाही. ते त्या दिवशी करपलं.

तेव्हापासून त्या जंगलात दूध मिळत नाही. सगळे कातळावर येऊन कोरी कॉफी पितात. कुणाला जायफळ आवडतं, कुणाला वेलची, कुणाला साय, हे आता प्रत्येकाला प्रत्येकाचं पाठ आहे. महाराज कातळावर येत नाहीत. ते सकाळी लवकर उठून डोंगराच्या बाजूला फिरायला जातात. तब्येत सुधारली आहे त्यांची, पित्तही गेलं.

तात्पर्य : आपल्याला काय आवडतं ते चारचौघांत खुशाल सांगावं. समोरच्याला काय आवडतं, ते मात्र आपण खाण्यासारखे नाही याची खात्री करून मगच विचारावं.